मायनसच्या फाइली

“मायनसच्या फाइलीही उघडत जा. एक बाजू बघून दुसरी धरून चालू नकोस,” असं वल्लरीने क्षिप्राला बजावलं होतं, आणि क्षिप्राने ते ऐकून सोडून दिलं होतं.

तेव्हा क्षिप्राला सातवा महिना होता. संस्थेच्या कॅन्टीनमध्ये दोघी समोरासमोर बसलेल्या. क्षिप्राच्या ताटलीत दोन गार इडल्या, वल्लरीच्या हातात तिसऱ्यांदा भरून घेतलेली सांबारची वाटी. पोटातलं बाळ सकाळपासून नेहमीपेक्षा कमी हलतंय असं क्षिप्राला वाटत होतं, त्यामुळे तिचं निम्मं लक्ष बोटांवर मोजण्यात होतं.

“अगं, सिमेट्री आहे,” ती म्हणाली. “जेवढं उजवीकडे जातं तेवढंच डावीकडे. मायनसमध्ये वेगळं काय असणार? आणि दोन्ही बाजू जुळवून दाखवणारा कॉलम तू प्लसमध्येच घालून देतेस की.”

“कागदावर आहे सिमेट्री. मशीनमध्ये कुणी बघितलीय? उद्या माझ्याकडून एका बाजूला काही भलतंच झालं, तर तुला कळणार कसं?”

“तू आहेस ना बघायला.”

“हो. मी काय, आहेच,” वल्लरी म्हणाली आणि वाटी तोंडाला लावली.

या दोघींचं काम असं होतं, की ते सांगायला लागलं की लग्नाच्या पंगतीत शेजारची माणसं पाणी आणायच्या निमित्ताने उठत. पण ते फार अवघड नव्हतं. अणूंचा वायू इतका थंड करायचा, की जवळजवळ सगळे अणू एकाच अवस्थेत जाऊन स्वस्थ पडून राहतात. मग त्यांच्यातला आपसातला जोर बदलायचा. हळूहळू नाही, एका फटक्यात. त्या धक्क्याने स्वस्थ पडलेल्या वायूत बारीक लाटा उठतात, आणि त्या एकेकट्या उठत नाहीत. एक उजवीकडे निघाली की तिची जोडीदार त्याच क्षणी, त्याच वेगाने डावीकडे निघते. उजवीकडच्या त्या प्लस, डावीकडच्या त्या मायनस. जोडीतली एकच लाट पकडून मोजली तर तिच्यात काही विशेष दिसत नाही. नुसती खळबळ, वायू जरा तापलाय इतकंच वाटतं. दोघी शेजारी ठेवल्या तरच कळतं की त्या एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत. साध्या ओळखीने जेवढं जुळावं त्याहून कितीतरी जास्त.

प्रश्न एवढाच होता, की वायूत सुरुवातीलाच थोडी ऊब राहून गेली असेल, तर हे गुंतणं किती टिकतं? कितीशा उबेला ते पुसलं जातं? प्रत्यक्ष प्रयोग दूर परदेशात व्हायचा. इथे फक्त गणित. वेगवेगळ्या गोंधळापासून सुरुवात करून तोच धक्का कंप्युटरवर हजार वेळा द्यायचा आणि सरासरी काढायची.

यातल्या एका शब्दावरून दोघींचं भांडणही झालेलं. क्षिप्राला एका मराठी मासिकासाठी लेख लिहायचा होता आणि तिने ‘गुंता’ असा शब्द घातला होता.

“गुंता नको म्हणूस,” वल्लरी म्हणालेली. “गुंतणं म्हण. गुंता म्हटलं की आपली माणसं लगेच सोडवायलाच घेतात.”

लेख राहिला तो राहिलाच. फेब्रुवारीत उर्वी झाली.

घोडबंदर रोडच्या त्या टॉवरमध्ये क्षिप्राचं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. वाऱ्यामुळे बाल्कनीचं दार दिवसभर बंद ठेवावं लागे. नवरा, सलिल, सकाळी पावणेआठला गाडी काढायचा तो ट्रॅफिकला शिव्या घालत रात्रीच्या जेवणाला उगवायचा. मधले तेरा तास क्षिप्रा आणि उर्वी. एका मजल्यावर सहा दारं होती आणि सहाही दारांवर कॅमेऱ्याच्या बेल होत्या. क्षिप्राला शेजाऱ्यांचे चेहरे ठाऊक नव्हते. डिलिव्हरीवाल्या पोरांचे मात्र होते.

ती आधीपासूनच काळजीखोर. आई झाल्यावर तर तिने काळजीची पद्धतशीर वहीच घातली. किती वाजता दूध, किती मिली, शी कधी, कोणत्या रंगाची, ताप नसतानाही तापाचा आकडा. उर्वी दुपारी झोपली की दर दहा मिनिटांनी जाऊन तिच्या नाकाखाली बोट धरायचं. सलिल म्हणायचा, “अगं, तिला श्वास घेऊ दे, सारखं बोट काय लावतेस!” सासूबाई म्हणायच्या, “आम्ही नाही हो असं काही केलं.” दोघंही बरोबरच होते. पण बोट लावल्याशिवाय क्षिप्राला जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटायचं नाही.

पीएचडीचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. गुरुदत्त सरांनी, म्हणजे दोघींच्या गाइडनी, मुदत वाढवून दिली आणि ठरवलं, की रन, म्हणजे कंप्युटरवरचे ते हजार धक्के, वल्लरी करेल, क्षिप्राने घरून आलेख काढायचे. त्याप्रमाणे मेच्या मध्यापासून रोज सकाळी दहाच्या सुमारास सामायिक फोल्डरमध्ये दोन फाइली येऊन पडायच्या. तारीख आणि पुढे प्लस. तारीख आणि पुढे मायनस.

क्षिप्रा एका मांडीवर उर्वीला घेऊन प्लसची फाइल आलेखाच्या प्रोग्रॅममध्ये ओढायची. रेघ जिथे असायला हवी तिथे आहे एवढं बघायची. मग वल्लरीला मेसेज टाकायची: ‘पाहिलं’, आणि पुढे अंगठा.

वर्षभरापूर्वी याच दोघी एका टेबलावर बसून एकमेकींच्या डब्यातलं खायच्या. पण आता क्षिप्राला फोन करायचं म्हटलं की थकायला व्हायचं. काय बोलणार? शीचा रंग? त्यापेक्षा अंगठा बरा. वल्लरीकडूनही फोन यायचा नाही. तिचं बरं चाललं असेल, असं क्षिप्राने धरूनच टाकलं होतं. संस्था, चहा, सरांच्या शिव्या, सहाला परत डोंबिवलीला, मानपाड्याच्या घरी.

दिवाळी संपून आठवडा झाला आणि एका मंगळवारी फाइली आल्या नाहीत.

बुधवारीही नाहीत. क्षिप्राने मेसेज टाकला: ‘मशीन बंद आहे का गं?’ उत्तर नाही. संध्याकाळी फोन केला. वाजून वाजून बंद झाला.

“सुट्टी घेतली असेल,” सलिल म्हणाला. “माणसं घेतात. तू कॅलेंडर लावून बसलीयस का तिच्यावर?”

“ती दिवाळीतही पाठवत होती, सलिल. पाडव्यालासुद्धा.”

“मग दमली असेल बिचारी.”

क्षिप्राची अडचण अशी होती, की तिला सगळ्याचीच काळजी वाटायची, त्यामुळे तिची कुठली काळजी खरी हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला तिने सरांना फोन लावला.

“वल्लरी?” सर म्हणाले. “तिचं प्रोजेक्ट जूनमध्येच संपलं की. तीस जूनला. पुढच्या निधीसाठी आपण अर्ज केला होता, तो काही मंजूर झाला नाही. तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं तुम्ही दोघी रोज बोलता.”

“सर, पण मग रन कोण करत होतं?”

“कसले रन? तुला लागणारे हजार तर जुलैमध्येच पूर्ण झाले. मी तिला म्हटलंसुद्धा, क्षिप्राला कळवून टाक.”

क्षिप्राने फोन ठेवला. उर्वी गालिच्यावर बसून प्लास्टिकचा चमचा जमिनीवर आपटत होती. जुलै. म्हणजे ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, एवढे सगळे आकडे कुणाला नको होते. मग ते येत का होते?

तिने लॅपटॉप उघडला. शेवटच्या काही फाइलींत कसला बिघाड तर नाही ना, रन मध्येच तुटलाय का, हे बघायचं, तर दोन्ही बाजू बघायला हव्यात. म्हणून तिने सोमवारच्या तारखेची मायनसची फाइल उघडली. आलेखाच्या प्रोग्रॅममध्ये नव्हे, साध्या मजकुरासारखी.

आकड्यांच्या वर एक ओळ होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. अशा फाइलींमध्ये ज्या ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह असतं, ती ओळ आलेखाचा प्रोग्रॅम वाचतच नाही. ओलांडून पुढे जातो. माणसाने माणसासाठी टीप लिहायची ती जागा. क्षिप्राने मायनस कधी उघडली नव्हती, आणि आलेखात ओढली असती तरी तिला या ओळी दिसल्या नसत्या.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं.

# पाहिलं म्हणतेस आणि गप्प बसतेस. कळलं. थांबते आता.

क्षिप्राने आदल्या दिवसाची उघडली.

# मशीनचं काहीच नाही गं आज. नुसती तारीख बदललीय.

त्याच्या आदल्या दिवसाची.

# एकच मागते. वाचत असशील तर आज ‘पाहिलं’ लिहू नकोस. ‘वाचलं’ लिही. मला एवढं पुरेल.

क्षिप्राने फोन घेऊन त्या तारखेचा मेसेज शोधला. ‘पाहिलं’, आणि अंगठा. वेळ दहा वाजून चौदा मिनिटं.

मग ती आधाशासारखी मागे मागे जात राहिली, आणि मध्येच न राहवून एकदम पहिल्या फाइलीवर आली. मेमधल्या ओळी साध्या कामाच्या होत्या: तीनच्या पुढे मोजणी विरळ आहे, तिथे जपून. जूनच्या शेवटी सूर बदलला होता.

# आज प्रोजेक्ट संपलं. आयकार्ड परत दिलं. गेटवर सिक्युरिटी म्हणाला, मॅडम छुट्टी? मी म्हटलं हां. कंप्युटरचा अकाउंट डिसेंबरपर्यंत आहे. फोनवर सांगितलं असतं तर रडले असते, म्हणून इथे.

# आई दादाकडे नाशिकला गेली, आता तिथेच राहणार. तिसऱ्यांदा दोन माणसांचा भात लावला.

# उर्वी बसायला लागली का?

# आज कुणाशीच बोलले नाही. शेवटी कस्टमर केअरला लावला. तक्रार काहीच नव्हती. ती पोरगी म्हणाली, और कोई सहायता? गोड होती.

# हजार झाले, क्षि. तुझं प्रकरण पुरं होईल. आता हे पुढचे रन उगाच. तू वाचतेस म्हणून करते.

यातल्या प्रत्येक दिवसाखाली क्षिप्राचं उत्तर होतं. एकही दिवस चुकला नव्हता. तेच एक उत्तर.

सप्टेंबर-ऑक्टोबर वाचून झाला, मे ते जुलै झाला. ऑगस्ट राहिला होता. पण आता क्षिप्राला बसवेना. तिने उर्वीच्या पिशवीत दुधाची पावडर, थर्मास, दोन लंगोट, थर्मामीटर भरलं, सलिलला ‘डोंबिवलीला चाललेय’ एवढा मेसेज टाकला आणि टॅक्सी मागवली. नऊ महिन्यांत ती उर्वीला घेऊन एकटी कुठे गेली नव्हती. लिफ्टमध्ये तिच्या ते लक्षात आलं आणि तिने पिशवी उघडून थर्मामीटर आहे ना ते पुन्हा बघितलं.

कापूरबावडीला अर्धा तास गेला. कळव्याच्या खाडीवरून जाताना उर्वी झोपली. मुंब्र्याच्या बायपासवर कंटेनरच्या रांगेत गाडी थांबली की क्षिप्रा पुन्हा फोन लावायची. वाजायचा. वाजतोय म्हणजे चार्ज केलाय, चार्ज केलाय म्हणजे कुणीतरी चार्ज केलाय. अशी एकेक पायरी ती चढत होती. शीळफाट्याला ड्रायव्हर म्हणाला, “ताई, कुणी हॉस्पिटलात आहे का?” ती म्हणाली, “माहीत नाही हो.” मग तो हॉर्न जास्त वाजवू लागला.

मानपाड्याला एमआयडीसीच्या अलीकडच्या गल्लीत वल्लरीची इमारत. चार मजल्यांची, लिफ्ट नाही. ही जागा पूर्वी शेत होती आणि शेताचे मालक पंढरी आणि शकू आता तळमजल्यावर राहत होते. शकूमावशी दारातच पाटावर बसून सुकट निवडत होत्या.

“कोनाकं आयलीस गो?”

“वल्लरीकडे. आहे ना ती?”

“हाय ना. जाईल खयं?” त्यांनी उर्वीकडे बघून नाकाला बोट लावलं. “दोन दिस झालं, खाली नाय उतरली. मी वरती जाऊन बेल वाजवली, त आतूनच म्हनते, बरं हाय मावशी. बरं हाय म्हननारी मानसं मी लय बघितली हाव. तू कोन तिची?”

“आम्ही एका ठिकाणी काम करत होतो,” ती म्हणाली.

“काम,” शकूमावशी म्हणाल्या, आणि पुन्हा सुकटीकडे वळल्या. “जा बिगीन. जिन्याला तिसरी पायरी तुटकी हाय, पोर सांभाल.”

तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. क्षिप्राने बेल वाजवली. पुन्हा वाजवली. आत काही हललं नाही. क्षिप्राच्या डोक्यात एका क्षणात इतकं काही येऊन गेलं, की तिने उर्वीला घट्ट आवळलं आणि उर्वी रडायला लागली.

उर्वीच्या रडण्याने दार उघडलं. आतलं लाकडी तेवढं, जाळीचं बंदच. जाळीच्या आत वल्लरी उभी होती. गाउन, विस्कटलेली वेणी, डोळ्यांखाली काळं. पण उभी होती. आपल्या पायांवर.

“तू?”

“तू फोन उचलत नव्हतीस.”

“फोन ना,” वल्लरी म्हणाली. “हो. पाहिला.”

तो शब्द जाळीतून येऊन बरोबर जिथे लागायचा तिथे लागला.

“वल्लरी, मी वाचलं नव्हतं.”

“काय?”

“मायनस. एकही उघडली नव्हती. आज सकाळी उघडल्या. आज पहिल्यांदा.” उर्वीच्या रडण्यावरून तिला जवळजवळ ओरडावं लागत होतं. “मी प्लसच बघत होते. ते सगळे अंगठे प्लसला दिलेले होते.”

वल्लरीने जाळीची कडी काढली. दया आली म्हणून नव्हे, बाळ रडत होतं म्हणून. आत खोली स्वच्छ होती. इतकी स्वच्छ, की कुणी राहत नसावं तशी. टेबलावर लॅपटॉप बंद, त्यावर नॅपकिन घातलेला. जणू पोळपाट झाकून ठेवावा.

“खोटं बोलतेस,” वल्लरी म्हणाली.

क्षिप्राने पिशवीतून फोन काढून फोल्डर उघडलं आणि तिच्यापुढे धरलं. न उघडलेल्या फाइलींची नावं तिथे जाड अक्षरांत दिसत. ऑगस्टच्या एकतीस मायनस एकीखाली एक, जाड, काळ्या.

“एवढ्या अजून राहिल्यात. बाकीच्यासुद्धा सकाळपर्यंत अशाच होत्या.”

वल्लरीने फोन हातात घेतला. अंगठ्याने यादी वर सरकवली, खाली सरकवली. आणि ती हसली. पहिल्यांदा जरा, मग इतकं की उर्वी रडायची थांबून तिच्याकडे बघू लागली.

“सव्वाशे दिवस!” ती म्हणाली. “सव्वाशे दिवस मी भिंतीला सांगत होते, आणि भिंत रोज म्हणत होती पाहिलं!” मग हसू तिथल्या तिथे विझलं. “क्षिप्रा, एक सांग. वाचून गप्प बसलीस ते जास्त वाईट, की उघडलंच नाहीस ते? मला ठरवता येत नाहीये.”

क्षिप्रा उर्वीला घेऊन सतरंजीवर बसली.

“तू का नाही गं सरळ सांगितलंस?” ती म्हणाली.

“काय सांगायचं? तुझं बाळ लहान. सुरुवातीला तू फोनवर यायचीस ती दमलेलीच. म्हटलं, लिहून ठेवावं, तिला वेळ होईल तेव्हा वाचेल. आणि मग तू रोज उत्तर द्यायला लागलीस.”

खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचं ते पीं पीं ऐकू येत राहिलं.

“ऑगस्टमध्ये काय आहे?” क्षिप्राने विचारलं.

“ऑगस्ट वाचू नकोस.”

“वल्लरी.” क्षिप्राने तिच्याकडे सरळ बघितलं. असं सरळ विचारायचं असतं हे तिने कुठेतरी वाचलं होतं. “जिवाचं काही करून घ्यायचं मनात होतं का?”

वल्लरीने लगेच ‘छे’ म्हटलं नाही. म्हणूनच क्षिप्राने पुढचं खरं मानलं.

“आलेलं मनात,” वल्लरी म्हणाली. “आठ-दहा दिवस. मग मीच उठून कल्याणला गेले, एका डॉक्टर बाई आहेत. आता दर मंगळवारी जाते. गोळ्या चालू आहेत. या मंगळवारी नाही गेले. नाही जावंसं वाटलं.”

“उद्या जाऊ या. मी येते.”

“तू नाही येणार. मी जाईन. त्यांना मेसेज टाकते, बघ, तुझ्यासमोर टाकते.” तिने टाकला. मिनिटाभरात उत्तरही आलं, उद्या चार वाजता या म्हणून. वल्लरीने ते क्षिप्राला दाखवलं. “आता तू ऑगस्ट डिलीट कर. माझ्यासमोर.”

“मला वाचू दे ना.”

“ते मी ज्या क्षिप्राला लिहिलेलं, ती वाचत नव्हती. आता तू वाचलंस तर तुला आयुष्यभर माझ्याकडे बघताना तेच दिसणार. उर्वीच्या नाकाखाली बोट धरत असशील ना, तसं माझ्याही धरशील. मला ओळखता येतं गं तुझं तोंड. तोंड कसलं, थर्मामीटर आहे ते.”

क्षिप्रातल्या काळजीखोर बाईला ते एकतीस दिवस हवे होते. त्यातली ओळ न् ओळ हवी होती. आपल्याला काय माहीत नाही याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटायची. शेवटी तिने एकतीस नावांवर एकेक खूण केली आणि ती काढून टाकली. फोनने विचारलं, नक्की ना? तिने हो म्हटलं.

मग वल्लरीने उठून चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच विचारलं,

“तू कशी आहेस?”

उर्वी झाल्यापासून हा प्रश्न क्षिप्राला कुणी विचारला नव्हता. सगळे ‘बाळ कसं आहे’ विचारायचे. ती “बरी आहे” म्हणाली, आणि आपलाच आवाज कानावर पडल्यावर तिला हुंदका आला. आत वल्लरीचं चहा गाळणं थांबलं.

“कळलं,” वल्लरी म्हणाली. “खालच्या मावशी माझं ‘बरं आहे’ मानत नाहीत, त्यांना तुझं ऐकवायला हवं होतं.”

चहा झाला. उर्वीने वल्लरीचा चष्मा ओढला, एकदा चावलाही. बोलणं झालं, पण पूर्वीसारखं नाही. दोघी जपून एकेक वाक्य ठेवत होत्या. साडेतीनला क्षिप्रा निघाली, कारण पुढे शीळफाटा जाम होतो. दारात वल्लरीने आपली अट सांगितली.

“रोज फोन करून ‘बरी आहेस ना’ विचारायचं नाही. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतं. आणि मला तपासायला यायचं नाही. महिनाभर तरी नको. तू आलीस की मी पेशंट होते.”

“आणि मला राहवलं नाही तर?”

“तर नाही राहवणार. मलाही कुठे राहवत होतं?”

ती रागाने म्हणाली नाही. नुसतं म्हणाली. क्षिप्रा जिना उतरली. तिसऱ्या पायरीवर तिने पाय जपून टाकला, शकूमावशींना नमस्कार केला आणि टॅक्सीत बसल्यावर मागे वळून बघितलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी बंद होती. आत कुणी उभं असेल तर काचेमुळे दिसत नव्हतं.

त्याला आज अकरा दिवस झाले. क्षिप्राने शब्द पाळलाय. ती बाविसाव्या मजल्यावरच्या घरात उर्वीचं दूध, उर्वीची झोप मांडते आणि फोन पालथा ठेवते. वल्लरी दुसऱ्या दिवशी कल्याणला गेली होती, तसं तिने कळवलं. त्यानंतर काही कळवलेलं नाही, आणि तसं काही ठरलंही नव्हतं. सलिल म्हणतो, काही कळत नाही म्हणजे सगळं ठीक आहे. क्षिप्राला आता या वाक्यावर विश्वास बसत नाही.

म्हणून तिचं हे सांगणं तुम्हाला आहे. तुम्ही मानपाड्याच्या बाजूला राहत असाल, किंवा तिकडे काही कामाने जाणार असाल, तर एमआयडीसीच्या अलीकडच्या गल्लीत जा. तळमजल्याच्या दारात शकूमावशी बसलेल्या असतील. तुम्ही कोण, असं त्या विचारतील, काहीही सांगा. तिसऱ्या मजल्यावर, डाव्या हाताला. क्षिप्राचं नाव काढू नका. बरी आहेस का, असं तर अजिबात विचारू नका. थोडी कोथिंबीर मागा, पाना मागा, नाहीतर तुमच्या मुलाचं अडलेलं फिजिक्सचं गणित घेऊन जा. त्यात ती हमखास सापडेल. तिने आत बोलावलं तर घाईत आहे म्हणू नका. बसा. ती बोलू लागली तर शेवटपर्यंत ऐका. तुमचा चेहरा काही आमच्या क्षिप्रासारखा नाही, तुम्हाला जमेल.

आणि दार उघडायला वेळ लागला, तर निघून येऊ नका. पुन्हा एकदा वाजवा.